घराचं माप

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप असतोच, पण या सूनबाईनं तो थेट भिंतीला लावला. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरला होता. दर रविवारी ती त्याची रुंदी मोजायची आणि शिवणाच्या खडूनं शेजारी तारीख टाकायची.

"भिंतीला ब्लाउज शिवतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

"शिवला असता. पण गिऱ्हाइकाचं माप दर आठवड्याला वाढतंय."

नवरा हसला. सासरे हसले नाहीत. जन्मभर गवंडीकाम केलेल्या त्या माणसानं हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि त्याच मागच्या खोलीत त्यांची खाट होती. तड्याचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"माझं बांधकाम आहे ते," ते म्हणाले. "चिंध्या जोडून केलेलं नाही."

टोला वर्मी बसला. तिला राग आला, पण भीती त्याहून मोठी होती. ऐन कोरड्या दिवसांत मागचं दार चौकटीत अडकत होतं. त्या दाराला लागूनच अंगणात असलेला कपडे वाळत घालायचा खांब कलला होता आणि दोरीवरची चादर जमिनीला टेकत होती. खांबाच्या बुडाशी ताटाएवढा खळगा होता, तो महिन्याभरात घमेल्याएवढा झाला. त्यात पाणी ओतलं की बघता बघता गडप. जात कुठं होतं ते? खाली जमीन पोखरली जात होती आणि सासरे वर निवांत घोरत होते.

त्या रविवारी तडा एका आठवड्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंदावला होता. ती तडक सासऱ्यांकडे गेली.

"बाबा, तुमची शिलाई पक्की आहे, कापडही चांगलं आहे," ती म्हणाली. "आतलं अस्तर फाटलंय. या, दाखवते."

सासरे भांडायच्या तयारीत होते, पण स्तुती ऐकून जरा ढिले पडले. तिनं मागच्या उंबऱ्यावरूनच खळग्यात बादली ओतली. पाणी नाहीसं झालं. सासऱ्यांनी पहार मागवली आणि उभ्या उभ्या खुपसली. वीतभर जाऊन अडायला हवी होती, ती हातातून निसटायला लागली. त्यांचा चेहरा उतरला.

"आधी पाण्याचा कॉक बंद कर," ते मुलाला म्हणाले. "मग माझी खाट बाहेर काढ."

नवऱ्यानं या वेळी विनोद केला नाही. तिनं शेजारपाजारची दारं ठोठावली. दुपारपर्यंत घर रिकामं झालं. तीनच्या सुमाराला सगळे रस्त्यावर चहा घेत असताना मागून धप्प असा आवाज आला. खांब, दोरी आणि खाटेच्या जागची फरशी जमिनीनं गिळली होती. कुणाला साधं खरचटलंही नाही.

पालिकेचे इंजिनिअर आले, खड्ड्यात वाकून त्यांनी फुटकी जुनी पाइपलाइन पाहिली. "कुणाच्या लक्षात आलं हे? कधीपासून चाललं होतं?"

सासऱ्यांनी छाती पुढे काढली. "भिंत बघा, अधांतरी आहे, पण पडलेली नाही." मग सुनेला हाताला धरून पुढे केलं. "बाकीचं मला विचारू नका. मी नुसतं बांधलं. माप हिनं घेतलंय."

अख्खी गल्ली ऐकत होती. तिला फार आनंद झाला. मग तिनं गळ्यातला टेप सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली, "पहिल्या रविवारी, अर्धं सूत."