चार बोटं युरोप

बापूरावांची सून कौशल्या माप ओलांडून घरात आली, त्या वर्षी मला अक्षरं भेटली. त्याआधी मी शनिवार पेठेतल्या त्यांच्या किराणा दुकानाच्या दारातली फळी होतो. लग्नाच्या धामधुमीतच दुकानाला लोखंडी शटर बसलं. आम्ही फळ्या जळणातच गेलो असतो, पण बापूरावांनी आम्हाला जोडून काळा रंग दिला आणि चौकात टांगलं. मित्रांनो, असा मी एक जुना वार्ताफलक आहे. उतारवयात शिकलो, म्हणून एकेका अक्षराचं मला अजून अप्रूप वाटतं.

बापूराव रोज सकाळी पांढऱ्या खडूने लिहीत. पाणी कधी जाणार, रक्तदान कुठे, कोण परीक्षेत पहिलं आलं. दूध घेऊन परतणारी माणसं माझ्यापुढे थांबत. “अक्षर पाहावं तर बापूरावांचं!” असं कोणी म्हणालं की मीच फुगायचो. माझा एक रिवाज होता. पेठेत कोणी गेलं की सगळं पुसायचं आणि दिवसभर त्या एकाच नावाला जागा द्यायची. मरणाच्या शेजारी दुसरं काही लिहायचं नाही.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि थांबणारे कमी झाले. त्याच सुमारास संस्कृती आली. यवतमाळची मुलगी, सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी.

“आजोबा, खाली चार बोटं जागा द्या ना जी. युरोपच्या बातम्या लिहीन. लिहिल्याशिवाय माझ्या ध्यानात राहत नाही.”

“युरोप? इथे सोमवार पेठेचं कोणी वाचत नाही,” बापूराव म्हणाले. पण जागा दिली.

ती एक बातमी लिही आणि खाली आपलं मत. ‘जर्मनीत घर उबदार ठेवायचा वायू महागला. माझं मत : ज्याच्या वायूवर चूल पेटते, त्याच्याशी भांडताना आवाज खाली येतो.’

शेजारचे भजीवाले तात्याराव वाचून म्हणत, “वा! आता जर्मनीला विचारूनच घाणा काढतो.”

“काढा काका. सूर्यफुलाचं तेल युक्रेनहून येतं, ठाऊक आहे ना?”

“माझं तेल रविवार पेठेतून येतं,” तात्याराव म्हणत. चौक हसे.

बापूराव हसत नसत. त्यांचा नातू, कौशल्याचा पृथ्वीराज, त्याच युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. फेब्रुवारीत तिकडून वाईट बातम्या येऊ लागल्या. कौशल्या म्हणे, पोराला परत बोलवा. पृथ्वीराज फोनवर म्हणे, इथे सगळं शांत आहे, परीक्षा तोंडावर आली आहे. घरात शेवटचा शब्द बापूरावांचा. ते म्हणाले, “परीक्षा देऊनच ये.”

एका बुधवारी संस्कृतीने लिहिलं : ‘दूतावास आपली माणसं हलवत आहेत. माझं मत : राजदूत सामान बांधतो, तेव्हा विद्यार्थ्याने पुस्तकं आवरावीत.’

खडू खाली ठेवते न ठेवते तोच निरोप आला. कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या सरुबाई गेल्या. बापूरावांनी ओलं फडकं उचललं.

“आजोबा, आजच्या दिवस एवढी ओळ राहू द्या. तुमच्यासाठीच लिहिली आहे.”

“सरुबाईच्या शेजारी युरोप? रिवाज आहे, मुली.”

आणि त्यांनी माझं अंग वरपासून खालपर्यंत पुसलं.

दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झालं. मित्रांनो, माझ्यावर आजवर किती वाईट बातम्या लिहिल्या गेल्या, पण असा हादरा मला कधी बसला नव्हता. विमानं बंद झाली. पृथ्वीराज तळघरात अडकला. तात्यारावांची कढई थंड होती.

कौशल्या धावत आली ती थेट माझ्यापुढे थांबली. ओल्या फडक्याने पुसलेला खडू वाळल्यावर पुन्हा दिसू लागतो. सरुबाईंच्या नावाखाली फिकट अक्षरं वर आली होती : ‘विद्यार्थ्याने पुस्तकं आवरावीत.’

“मामंजी, हे काल इथे होतं?”

बापूरावांनी फडक्याकडे पाहिलं.

“होतं, आणि तुम्ही पुसलंत?”

“वहिनी, रिवाज…” तात्याराव बोलू लागले.

“मेलेल्यांना जागा दिलीत. माझा जिवंत आहे हो!”

बापूरावांनी खिशातून खडू काढला. तो त्यांनी मागे येऊन उभ्या राहिलेल्या संस्कृतीला दिला. “सगळा फळा तुझा.”

मग ती रोज लिहीत राहिली. पोलंडची सीमा, रुमानियाची सीमा, कुठे गर्दी, कुठे वाट मोकळी. चौक मान वर करून वाचत होता. घरून तेच फोनवर पृथ्वीराजला कळवत. मित्रांसोबत बर्फातून चालत तो रुमानियात पोहोचला आणि होळीच्या आधी घरी आला. माझ्यावरच्या ‘रुमानिया’ या शब्दावरून त्याने हलकेच बोट फिरवलं.

त्या दिवशी बापूराव संस्कृतीला म्हणाले, “माझं नाव लिहायची वेळ येईल, तेव्हाही तुझी ओळ पुसायची नाही.”

तेल महागलं ते महागलंच. तात्याराव आता कढई पेटवण्याआधी युरोप वाचतात. माझा रंग उडाला आहे आणि एक फळी फुगली आहे. कोणी माझ्यावर वाढदिवसाचे कागद चिकटवतं, त्यांची खळ निघता निघत नाही. मित्रांनो, मला रंग द्या न द्या, पण पुसण्याआधी एकदा वाचत जा.

गेल्या कार्तिक पौर्णिमेला माझ्यावर मोठ्या अक्षरांत एक नाव होतं आणि खाली चार बोटं युरोप होता. दोन्ही संस्कृतीनेच लिहिलं. बापूराव त्या दिवशी पहाटे वारले.