बंद झालेल्या मॉडेलचा पंप

हनीफ हर्णै बंदरात मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. एकोणऐंशी साली तो सौदीत, जेद्दात कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, गॅरेजात होता. पासपोर्ट कफिलाच्या कपाटात, आणि त्याच्या सहीशिवाय देश सोडायची सोय नाही. तेलाचा पैसा आल्यापासून कफिलानं चार इटालियन गाड्या घेतल्या होत्या. त्यातली लाल सहा महिने पडून होती, कारण पाण्याच्या पंपातला पंखा फुटला होता.

बायको गेल्याची तार आली तोवर जुबेदाला मातीही देऊन झाली होती. हनीफ रडला नाही. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. कसला धीर घेऊन बसलात, आतून नुसतं लाकूड झालं होतं. पाठोपाठ सासूचं पत्र आलं. चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला तरी पोच, पोर बापाची वाट बघत ताटावरून उपाशीच उठते, असं लिहिलं होतं.

तो कफिलाकडे गेला. कफील काही दुष्ट नव्हता, त्यानं चहा पाजला.

"ही लाल गाडी आहे तोवर मला तू लागतोस," तो म्हणाला. "इटलीला पत्र टाकलंय. पार्ट नाही म्हणाले, तर गाडी भंगारात. खलास. त्याच दिवशी सही करतो."

जुबेदा गेल्याच्या एकतिसाव्या दिवशी सकाळी इटलीचं उत्तर आलं. ऑफिसातल्या श्रीवर्धनच्या जलालनं ते वाचून दाखवलं. हे मॉडेल सदुसष्टला सुरू झालं, एकाहत्तरला बंद. आता पार्ट मिळणार नाही. सोबत कंपनीच्या सगळ्या मॉडेलांची यादी होती. कोणतं कधी निघालं, किती बनली, कधी थांबलं. हनीफनं ती दोनदा वाचून घेतली.

"सुटलास, हनीफभाय," जलाल म्हणाला. "कफील असरला, दुपारच्या नमाजाला येईल. पत्र त्याच्या हातात दे, सही घे. दुसरं काय करू नको."

एवढंच करायचं होतं हो. पण असरला सहा तास होते, आणि रिकामं बसलं की जुबेदा आठवायला हवी होती, ती आठवत नव्हती. हात मात्र शिवशिवत होते. हर्णैत लाँच बंद म्हणजे चूल बंद. तिथं पार्ट मिळत नाही हे वाक्य कुणी उच्चारतच नाही. त्यानं भंगारातला पितळेचा तुकडा उचलला, लेथवर चढवला, कानशीनं एकेक पातं घासलं. पंखा बसवला. चावी फिरवली. त्या सहा तासांत आपण काय करतोय, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

कफील आला तेव्हा इंजिन चालू होतं. तो इंजिनाच्या गरमीचा काटा बघत अर्धा तास उभा राहिला. काटा चढला नाही. त्यानं हनीफच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"असा माणूस मी कसा सोडू?" तो म्हणाला. "उद्या पिवळी उघड."

पत्र हनीफच्या खिशातच होतं.

"मेल्या, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," जलालला राहवलं नाही. "ते पत्र तरी दाखव."

"काय दाखवू? गाडी चालतेय," हनीफ म्हणाला.

चाळिसाव्या दिवशी दुपारी तो पिवळ्या गाडीखाली होता. जलालनं जेवायला हाक मारली. हनीफ बाहेर आला, हात धुतले, ताटापुढे बसला, आणि घास न घेताच उठला.