घरातली पोरगी घरात

"मामा, हलू नका. हललात तर पुन्हा पहिल्यापासून," काचेमागून टेक्निशियन ओरडला.

हलायला बिरदेवच्या अंगात जोर होता कुठे! उताणं पडलं की त्याची छाती दाटायची. त्यात हे एमआरआयचं नळकांडं आणि कानाशी ठणठणाट. न्हावऱ्याहून दौंडला येताना थोरली बहीण अनसाबाई म्हणाली होती, "फोटोच तर काढायचाय. त्यात भ्यायचं काय?" तिला काय माहीत! बिरदेवला मशिनची नव्हे, तिचीच धास्ती होती. रोग रक्ताच्या तपासणीत आधीच कळला होता. स्नायू हळूहळू निकामी करणारा, आईबापांकडून आलेला. मांडीत, पाठीत किती स्नायू उरलाय ते आज बघायचं होतं. पण हे दुखणं घराण्यातलं आहे, एवढंच त्यानं बहिणीला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या लेकीचा, राजनंदिनीचा साखरपुडा होता, अनसाबाईच्याच मुलाशी, सत्यजीतशी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ डॉक्टरीणबाईंनी उघडली.

"हा काळा भाग म्हणजे चांगला स्नायू. पांढरी दिसते ती चरबी," पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. मांडीची मागची बाजू जवळजवळ सगळी पांढरी होती. "आईवडील नात्यातले होते का?"

"व्हय, आत्ये-मामे भावंडं," अनसाबाई तोऱ्यात म्हणाली. "आमच्यात पोरगी भाईर देत न्हाईत. आता ह्याची लेक बी माझ्याच घरात येणार."

डॉक्टरीणबाई बिरदेवकडे वळल्या. "यांना सांगितलं नाही तुम्ही?"

बिरदेवनं मान खाली घातली. शेवटी बाईंनीच सांगितलं. दोष राजनंदिनीत उतरलेलाच असणार. तिला स्वतःला त्रास व्हायचा नाही. पण सत्यजीतमध्येही तो निघाला, तर त्यांच्या मुलांना हाच रोग होऊ शकतो.

"आक्का, मी मोडतो सोयरीक," बिरदेव कसाबसा म्हणाला.

"गप! मोडतोय मोठा. सख्ख्या आत्याच्या घरचं मोडलं, म्हंजी पोरीतच खोट आसंल, आसंच म्हणत्याल ना लोक?" अनसाबाई त्याच्याकडे वळली. "माझ्यापास्नं लपवलंस. तू घरी चल, मग बघते तुला."

मग ती बाईंकडे वळली. "माझ्या पोरात आलं आसंल तर माझ्यातनंच ना?"

"बहुतेक तसंच. तुमच्यात नसेल, तर बरीचशी काळजी मिटली."

"मग आदी माझं रक्त घ्या."

निकालाला तीन आठवडे लागणार होते. बाहेर येऊन अनसाबाईनं नवऱ्याला फोन लावला.

"आवो, साखरपुडा पुढं ढकला... न्हाई, पोरगी लाखात एक हाय. बिरदेवचं बी काय न्हाई. माझीच तब्येत बिघडलीय म्हणून सांगा समद्यांना."

नवरा पलीकडून चांगलाच तापला असावा. भिंतीकडे तोंड करून, हातावरचा कापूस अंगठ्यानं दाबून धरत, ती त्याची बोलणी ऐकून घेत राहिली.