हिरव्या लुगड्यावरचं वाळवण

वैशाख. आकाश म्हणजे तापून पांढरी पडलेली परात, आणि तिच्या काठाशी एकच घार, कुणीतरी विसरून गेल्यासारखी. शुभ्र, निर्मम, निःशब्द ऊन गच्चीगच्चीवर सांडत होतं. सारं गाव दारं लोटून, माठाच्या गारव्याशी बिलगून निजलं होतं.

जागे दोघेच. एक ऊन, दुसरे निंबाजीराव.

गच्चीवर कौसल्याबाईंचं हिरवं लुगडं अंथरलेलं. वर्षभर घडीत मिटलेलं, कापूरगंधी, आज प्रथमच उजेडाला सामोरं गेलेलं. त्यावर कुरडया. धवल, ओलसर, वर्तुळाकार. चंद्रबिंबं म्हणावीत, तर चंद्राने अब्रूनुकसानीचा दावा लावावा अशा.

कठड्याच्या सावलीत निंबाजीराव राखणीला बसले होते. हातात काठी, काठीला काळं फडकं, कावळ्यांसाठी. सावली वीतभर, एकटेपण गच्चीभर.

गेल्या वैशाखात कुरडयांचे गहू भिजत घातले आणि कौसल्याबाई गेल्या. घर रडत राहिलं, गहू पातेल्यात फुगत राहिले. शेवटी सुतकाचे म्हणून कुणीतरी ते उकिरड्यावर ओतले.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. कडुनिंबाच्या फांदीवर, काजळकाळा, तो नुसता बसून राहिला. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना मी शहरात नेईन." कावळा ढिम्म. दीर म्हणाले, "वहिनी, बांधाचा वाद मिटवून टाकतो." कावळ्याने मान फिरवली, दिरांना तो ओळखून असावा. ऊन चढलं. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

तेव्हा निंबाजीराव, ज्यांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता, ते हलकेच पुटपुटले, "यंदाच्या राहिल्या. पुढच्या साली कुरडया मी घालीन."

पंखांची एक काळी सळसळ उतरली. पिंडाला चोच लागली.

तो शब्द आज लुगड्यावर वाळत होता. वाळत कसला, पसरत होता.

शेजारच्या गच्चीवरून सुभद्राकाकू डोकावल्या. कुरडया पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की आणखी काही, ते पदरालाच ठाऊक.

"भाऊजी, चीक पातळ राहिला. रात्रीचं वरचं पाणी ओतून दिलं नाही का?"

"नाही ओतवलं."

"अहो, ते ओतायचंच असतं."

"गेल्या साली ओतलं की सगळंच."

काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "मीठ तरी पाहिलंत?"

मीठ. दर वैशाखात वाफाळता चीक बोटावर घेऊन ती दारात यायची. म्हणायची, "मीठ पाहा हो." आणि वर्तमानपत्रामागून, न चाखता, न बघता, निंबाजीराव म्हणायचे, "हं." साऱ्या संसाराचं मीठ त्या एका 'हं'वर निभावलेलं. आज सकाळी हाताला चटके खात, सोऱ्या दाबताना, त्यांच्या तोंडून नकळत तेच निघालं होतं: "मीठ पाहा हो." भिंतीने साधं 'हं'सुद्धा म्हटलं नव्हतं.

ऊन कलायला आलं. कठड्यावर एक काळा ठिपका उतरला, मान तिरकी करून लुगड्याकडे बघू लागला.

निंबाजीरावांनी काठी उचलली. थांबले. आणि पाळण्यात मूल ठेवावं तशी, आवाज न करता, काठी खाली ठेवली.

"भाऊजी, हाकला की. कावळा नेतोय."

"नेऊ द्या," निंबाजीराव म्हणाले. "मिठाचं विचारायला दुसरं आहे कोण?"

कावळा उडाला, चोचीत ओली, वाकडी कुरडई घेऊन, उन्हातून उन्हात, दूर, आणखी दूर. खाली लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र ओळी, आणि त्या ओळींत एकच जागा रिकामी: गोल, ओली, आणि हिरवीगार.