भरतीच्या घोडीची म्होरकी

वाचक मित्रांनो, आज मी आपणांस एका म्होरकीचे जीवन निवेदन करणार आहे. तिला तोंड नाही, म्हणून लेखणी माझी आणि बोलणे तिचे, असे समजून शांत चित्ताने ऐकावे.

मी एक जुनी म्होरकी आहे. जनावराच्या तोंडावर चढवतात ती दोरीची गुंफण म्हणजे मी. पेणच्या खाडीकाठी एका मिठागरावर कान्हू नावाच्या वृद्धाने मला काथ्यापासून वळले आणि सात दिवस मिठाच्या घट्ट पाण्यात बुडवून ठेवले. बाहेर काढले तेव्हा मी पांढरी व कडक झाले होते. उन्हात ठेवले की माझ्या पिळांतून मिठाचे कण चमकत. "हिला धुवायची नाय, कवाच नाय," असे तो आपल्या मुलाला, केरूला म्हणाला. एवढाच माझा नामकरण विधी.

मित्रांनो, माझे काम बैलांचे नव्हते. फाल्गुनी पौर्णिमेच्या उधाणाबरोबर दुपारी खाडीतून घोडे वर येत. त्यांचा रंग ओल्या चिखलासारखा आणि आयाळ फेसाची असे. काठावरील तिवरांच्या झुडपांची पाने खात खात ते बांधापर्यंत पोहोचत व टापांनी बांध फोडीत. बांध फुटला की मिठागर आणि शेत दोन्ही पाण्याखाली जात. जो माणूस मोकळ्या घोड्यावर बसे, त्याची मांडी पाठीला चिकटे आणि घोडा त्याला खोल पाण्यात नेई. नाथा नावाचा एक तरुण असा गेला. त्याची फक्त टोपी परत आली. परंतु पुढच्या घोडीच्या तोंडावर मला चढवले की ती गाईसारखी गरीब होई. मग तिच्यावर बसून बांधाच्या कडेने खाडीच्या मुखाशी जायचे, कळप मागून येई, आणि ओहोटी लागण्यापूर्वी मला सोडवून घोडी मोकळी करायची. हे काम केरूने वीस वर्षे केले. लोक मला हळदकुंकू वाहत. तो माझा मानाचा काळ होता.

सन १९९६ साली केरूचा गुडघा निकामी झाला. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी रंभा म्हणाली, "बाबा, मी जाते." दुसरे कोणी पुढे आले नाही.

त्याच साली रोह्याकडील एका गावचा सुशील नावाचा तरुण डोलवीला कंपनीत कंत्राटी कामावर आला होता. त्याचे घर भातशेतीचे. शिफ्ट सुटली की तो बांधावर येऊन बसे आणि मीठ ओढणाऱ्या रंभेकडे पाहत राही.

"रोहेकर, पाय वर घे," एकदा ती म्हणाली. "घोडा आधी पायच धरतो."

"घोडा कुठाय? मला तर फेस दिसतोय."

"फेसच तो. मान वर केली का कळल."

"मग तो मान वर करीपर्यंत बसतो मी."

"बस. वाहून गेलास तर तुझ्या आईला मी नाय कळवणार."

असे बोलत बोलत त्यांची मने जुळली. मी मिठागरावरील खोपटाच्या खुंटीवरून सर्व पाहत होते. दुपारच्या उन्हात मिठाच्या राशी ढगांसारख्या दिसत आणि ती दोघे त्या ढगांत चालत आहेत असा मला भास होई.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुशीलने मला खुंटीवरून काढले. माझ्या अंगावर मीठ व चिखल साचला होता. त्याच्या गावी सणाला बैलांची दावीसुद्धा धुतात. रंभेला आनंद व्हावा म्हणून त्याने मला बोअरिंगच्या गोड्या पाण्यात तीनदा धुतले आणि सावलीत वाळवले. मित्रांनो, खरे सांगते, मला ते फार आवडले. इतक्या मायेने मला पूर्वी कोणी हात लावला नव्हता. पण माझा जीव त्या पाण्याबरोबर वाहून गेला, आणि मला ओरडता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी चढले. रंभेने मला घोडीच्या तोंडावर चढवले आणि ती पाठीवर बसली. घाईत तिला काही कळले नाही; दोरी ओढली तेव्हा मी तिच्या बोटांना मऊ लागले.

"ही एवढी मऊ कशी?"

"मी धुतली," सुशील बांधावरून हसत म्हणाला. "गोड्या पाण्यात."

"अरे मेल्या! मीठच तिचा जीव व्हता!"

घोडी खाडीकडे वळली. रंभेची मांडी पाठीला चिकटली होती. बांधावरून केरू ओरडला, "रंभे, उडी टाक गो!" परंतु तिला उडी टाकता येत नव्हती.

सुशील मिठाच्या राशीकडे धावला. सदऱ्याच्या ओच्यात मीठ भरून त्याने पाण्यात उडी घेतली व माझी लोंबती दोरी पकडली. घोडीने त्याला फरफटत नेले. त्याचे तळहात फाटले. त्याच फाटलेल्या हातांनी तो माझ्या पिळांत मीठ चोळू लागला, दोरीपासून घोडीच्या जबड्यापर्यंत. पाणी त्याच्या गळ्याला आले. एकेक पीळ कडक होत गेला. मी घोडीच्या नाकाशी आवळले गेले, ती थांबली आणि रंभेची मांडी सुटली.

"वर बस," रंभा म्हणाली. "खाली राहिलास तर बुडशील."

मग आम्ही तिघे बांधाच्या कडेने निघालो. पाणी रुपेरी होते, मागे कळपाच्या आयाळी हलत होत्या, टापांचा आवाज मुळीच नव्हता. खाडीच्या मुखाशी दोघे उतरले आणि रंभेने माझी गाठ सोडली. घोडीने क्षणभर सुशीलचा तळहात चाटला आणि ती पाण्यात विरघळली.

रंभेने त्याचे हात आपल्या हातांत घेतले.

"झोंबतंय?"

"नाय."

"खोटारडा." आणि तिने त्याचे हात सोडले नाहीत.

केरू दुरूनच म्हणाला, "जावय येडा हाय. पण पळाला नाय." वैशाखात त्यांचे लग्न झाले.

पुढे दगडी बांध झाला, तो टापांनी फुटेना आणि माझे काम संपले. आता मी एका पेटीच्या तळाशी पडून असते आणि वर्षानुवर्षे कोणी झाकण उघडत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी विनंती एवढीच, की मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया असेल, त्याची सेवा करण्याआधी तो कशावर जगतो ते त्याच्या माणसांना विचारा. सुशीलने विचारले नव्हते, आणि ते शिकण्यासाठी त्याला दोन्ही तळहात द्यावे लागले.

येथे म्होरकीचे बोलणे संपले. आपण आपला अमूल्य वेळ दिलात, त्याबद्दल मी सर्व वाचकांचा मनापासून आभारी आहे.

आपला नम्र,
महिपती जनू घरत, मुक्काम जिते