फुटलेलं मत

मित्रांनो, मला जुनी म्हणा, गंजकी म्हणा, पण डबा म्हणू नका. मी मतपेटी आहे. अंग लोखंडी पत्र्याचं, चारी कोपरे पक्के, आणि झाकणावर एक अरुंद फट, तेच माझं तोंड. फटीच्या आत पत्र्याची जीभ आहे. कागद आत शिरताना ती खाली झुकते आणि लगेच वर येऊन वाट अडवते. आत गेलेलं बाहेर येत नाही. घडवणाऱ्याने मला हा एकच गुण दिला, आणि खरं सांगू का, हीच माझी कैदसुद्धा आहे. साऱ्या गावाचं पोटात घ्यायचं आणि कोणापाशी ब्र काढायचा नाही!

माझे चांगले दिवस मोहाडीच्या तहसील कचेरीत गेले. निवडणूक आली की मला धुऊनपुसून काढत, लाखेचं सील लावत, आणि मी पोलिसाच्या मांडीला मांडी लावून गावोगाव जात असे. वाटेत पूल नसला तर डोंग्यात बसून वैनगंगा ओलांडायची. एका गावी निर्मलाबाई नावाच्या म्हातारीने मत टाकण्याआधी मला हळदकुंकू लावलं. "माह्या चिठ्ठीले सांभाळजो व माय," म्हणाली. आता मी काय देवी आहे? पण मान कोणाला नको असतो! त्या दिवशी मी चांगलीच फुशारले होते.

पुढे यंत्रं आली. बटण दाबलं की पीं! आमचं काम संपलं. मोडक्या खुर्च्यांखाली मला कोंबून खोलीला कुलूप घातलं. ओल, अंधार आणि उंदीर, एवढंच माझं गणगोत. किती पावसाळे तसे गेले, कोण जाणे. कोणा दीडशहाण्याला वाटलं, हिच्या पोटात पैसे असतील. त्याने फटीत पहार घालून माझं तोंड फाकवलं. निघालं काय? धूळ! जीभ तेवढी शाबूत राहिली. भंगारात जायची वेळ आली तेव्हा जवळच्या एका खेड्यातल्या भुपेंद्र सरांनी मला शाळेसाठी मागून नेलं आणि माझ्यात खडू ठेवले. खडू तर खडू. निदान उजेड दिसला.

मग तो पावसाळा आला. देशाचे राष्ट्रपती निवडायचे होते. गावातली मोठी माणसं धानाच्या रोवणीला चिखलात उतरलेली, आणि इकडे सर पोरांना सांगत होते, "पोट्टेहो, राष्ट्रपतीले आपण सरळ मत देत नाही. आपले आमदार-खासदार देतात. तर आज तुम्हीच आमदार!" त्यांनी एकेका वर्गाला एकेक राज्य केलं. पाचवी छत्तीसगड, सहावी महाराष्ट्र, सातवी मध्य प्रदेश. निवडून येईल तो शाळेचा राष्ट्रपती, आणि त्याची एक मागणी शाळा पुरी करणार. बाकी राज्यांना तेलाचे रिकामे डबे मिळाले. महाराष्ट्राला मी! खडू काढून सरांनी मला पुसलं, तेव्हा माझा ऊर भरून आला.

उमेदवार दोन. सहावीतला गोलू म्हणाला, नवी बॅट आणि बॉल आणतो. सातवीतली दीपमाला म्हणाली, मुलींच्या संडासाच्या दाराला कडी लावून घेते. त्या दाराला कडीच नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. सहावीतल्या गुड्डीसाठी वर्षभर ते दार दीपमालानेच धरलं होतं.

पण गोलू सहावीचा, म्हणजे महाराष्ट्राचा. त्याने साऱ्या वर्गाला मारोतीच्या देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली. "आपला महाराष्ट्र फुटणार नाही. जो फुटन, त्याच्याशी दिवाळीवरी अबोला!"

अबोला काय असतो ते त्या वर्गाला ठाऊक होतं. आदल्या वर्षी काच फोडणाऱ्याचं नाव सरांना सांगितलं म्हणून कामिनीशी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कोणी बोललं नव्हतं. पोरगी घरी जाऊन बकरीशी बोलायची. गुड्डीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

मतदान झालं. फळ्याच्या आड जायचं, जांभळ्या पेनने आपल्या उमेदवारापुढे १ हा आकडा काढायचा आणि चिठ्ठी माझ्या तोंडात घालायची. गुड्डी सगळ्यात शेवटी आली. फळ्याआड ती इतका वेळ थांबली की गोलू ओरडला, "झोपली काय व?" तिची चिठ्ठी आत पडली ती सर्वांच्या वर. सरांनी किल्ली खिशात टाकली आणि मधली सुट्टी झाली. पोरं खिचडीला धावली.

गुड्डी धावली नाही. ती माझ्यापाशी आली आणि माझ्या फाकलेल्या फटीत तिने हात घातला.

अगं पोरी, नको! मी ओरडले असते, पण मला कुठला आवाज? तिची बोटं चाचपडत आली, वरची चिठ्ठी सापडली, मूठ मिटली. हात मागे ओढला आणि माझी जीभ तिच्या मनगटाला लागली. तिने जोर केला, जीभ आणखी रुतली. ज्या गुणाचा मी जन्मभर तोरा मिरवला, त्यानेच लेकराचा हात धरून ठेवला होता. मला माझीच किळस आली. ती रडत होती, पण आवाज न करता. तिचं पाणी माझ्या झाकणावर टपटपत होतं.

खिचडी रांधणाऱ्या देवकाबाई तिला बोलवायला आल्या. "गुड्डे, खिचडी थंडी होऊन राहिली... अवं बाई! हे काय करून बसली व?"

झालं, सारी शाळा गोळा झाली. गोलू पुढे घुसला. "चिठ्ठी काढून राहिली होती! काहून काढून राहिली होती, सांग!"

सरांनी त्याला मागे सारलं. "गुड्डी, मूठ सोड बेटा. मुठीनं अडकला हात."

"नाही सोडत."

देवकाबाईंनी तिच्या मनगटावर तेल ओतलं. "सोड व माय. हात सुजून राहिला."

"सोडली तं चिठ्ठी आत राहीन ना!"

"मग राहू दे," देवकाबाई म्हणाल्या. "टाकताना विचार करूनच टाकली असशील."

 गुड्डीची नाडी माझ्या पत्र्यावर उडत होती. कितीतरी वेळाने, मित्रांनो, एकेक करून तिची बोटं उघडली. चिठ्ठी खाली पडली. हात बाहेर आला, लालबुंद.

आता मोजणी. आणि मला एकदम उमगलं की पोरगी एका पिंजऱ्यातून सुटून दुसऱ्यात सापडली आहे. साऱ्या चिठ्ठ्या नीट घडीच्या, तिची एकटीच चुरगाळलेली. उघडताच कळणार, ही गुड्डीची! तिलाही ते कळलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी किल्ली फिरवून झाकण उचललं, चुरगाळलेली चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

तेवढ्यात गोलूने दोन्ही हात माझ्या पोटात घातले आणि साऱ्या चिठ्ठ्या कचाकचा चुरगाळल्या.

"काय करून राहिला बे?" सर ओरडले.

"चुरगाळून राहिलो सर." त्याने गुड्डीच्या मनगटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आता वाचा. कोणाची कोणती, कोणाले मालूम?"

 सरांनी एकेक चिठ्ठी सरळ करून वाचली. गोलू, दीपमाला. दीपमाला, गोलू. पुन्हा दीपमाला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. भिंतीकडचं तोंड हळूहळू वळलं. गुड्डीला वाटलं होतं, फुटलेली आपण एकटीच. महाराष्ट्राने दीपमालाला सहा मतं दिली होती.

"अबोला कोणाकोणाशी धरायचा मग?" मागून कामिनीने विचारलं, आणि सारा वर्ग खो खो हसला. गोलूसुद्धा. दीपमाला राष्ट्रपती झाली आणि पोळ्याच्या आत दाराला कडी लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीची एवढीच काळजी घ्या. विचार करून टाका आणि मग हात काढून घ्या. दुसऱ्याची चिठ्ठी कोणती, हे पाहायला माझ्या तोंडाशी डोळा लावू नका. ती मुलं मोठी होत आहेत, तरी अजून येऊन मला ठोकतात आणि विचारतात, ते एक मत कोणाचं? कारण त्या वर्गात मुली पाचच होत्या. सहावं मत एका मुलाचं होतं. कोणाचं, ते मला ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही.