गळ्यातला सांडू

तहसील कचेरीत फर्मान आलं: सोमवारपासून प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, तेही दर्शनी भागात, नाहीतर नोटीस. झालं! दाखल्याच्या खिडकीवरच्या अव्वल कारकुनानं ते तीनतीनदा वाचून पाहिलं.

बावीस वर्षं खपून त्यांनी 'संदीपसाहेब' हे नाव कमावलं होतं. आख्खं संभाजीनगर त्यांना त्याच नावानं सलाम करायचं. आणि कार्डावर छापून आलं काय, तर सेवापुस्तकातलं खरं नाव: सांडू बद्रीनाथ काकडे. तेही ठळक अक्षरांत. छापणाऱ्याचा मुडदा बशिवला!

सोमवारी कार्ड उलटं लटकलं. मंगळवारी ते खिशात शिरलं. बुधवारी साहेबांनी एक फाईल दिवसभर छातीशी अशी कवटाळली, की शेजारची तनुजा म्हणाली, "सर, हळू. आत्ताच झोपलीय ती."

गुरुवारी मोठे साहेब फेरीवर आले. खिडकीपुढं ही लांब रांग. त्यांनी संदीपसाहेबांच्या छातीवरची फाईल काढून घेतली, मागचं कार्ड स्वतःच्या हातानं सुलटं केलं आणि म्हणाले, "दर्शनी म्हणजे दर्शनी, काकडे!"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तनुजानं ओढणी तोंडात कोंबली. संदीपसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडकीशी सिल्लोडच्या राजाबाई होत्या, सत्तरीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं त्याच्यावर?" त्यांनी मागच्याला विचारलं.

"सांडू लिहिलंय, आजी."

म्हातारी हसली नाही. गजातून वाकून कारकुनाकडं बघत राहिली. "किती गेले रं बाबा, तुझ्या आधी?"

बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "तीन भावंडं."

"मंग बराबर. माईनं उकिरड्यावर ठिवून परत उचललं असंल तुला, म्हून सांडू. सांडलेलं लेकरू सटवाई नेत नाय."

"व्हय," साहेब म्हणाले. लाज वाटायची राहूनच गेली.

"आमी शहाणे निघालो बग. पोराचं नाव राजकुमार ठिवलं." म्हातारीनं गजातून हात घालून कार्डावरून फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "राह्यला नाय."

साहेबांनी दाखल्यावर मोठ्या साहेबांची सही घेऊन तो दोन्ही हातांनी म्हातारीला दिला.

पुढचा माणूस सरकला. "नमस्कार, संदीपसाहेब—"

"वाचता येतं ना?" साहेबांनी कार्ड गजाला टेकवलं. "मग वाचा की मोठ्यानं!"